सहाशे चौदा नंबरची पिशवी

इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर तो मोठा पडदा लागला, त्या दिवशी सगळ्यांना केक वाटला. मी केक खाल्ला आणि पडद्याकडे पाठ करून बसले. माझा स्वभावच तसा आहे. नव्या गोष्टीला मी आधी पाठ दाखवते आणि कुणाचं लक्ष नसताना मान वळवून बघते.

पडद्यावर रंगीत वर्तुळं होती. फोनवर लोक जे जाहीरपणे लिहितात, जे फोटो आणि व्हिडिओ टाकतात, ते सगळं कन्नड, हिंदी, तमिळ, इंग्रजीतून गोळा करून ते यंत्र सांगायचं की लोक कुठल्या वस्तूवर खूश आहेत आणि कुठल्या वस्तूवर चिडलेत. खूश असले की वर्तुळ हिरवं, चिडलेले असले की लाल. हे सगळं उभं करणारा मुलगा पुण्याचा, बत्तीस-तेहेतीस वर्षांचा, एचएसआर लेआउटमध्ये राहणारा. चार वर्षं बेंगळुरूत काढून त्याला कन्नडमधले दोनच शब्द येत होते, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, आणि तेवढ्यावर त्याचं कधी काही अडलं नव्हतं. दुपारी तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा, कारण त्या मजल्यावर मराठी बोलणारी मी एकटीच.

"मॅडम, तुमचं मराठी किती क्यूट आहे," तो एकदा म्हणाला.

"आमचं मराठी चार पिढ्या कन्नडात मुरलंय," मी म्हणाले. "मुरलेल्या लोणच्याला कुणी क्यूट म्हणतं होय?"

तो मनापासून हसला. त्याच्यावर फार वेळ रागावता येत नसे, ही त्यातली अडचण होती.

मी फील्डची मुख्य. फील्ड म्हणजे आमच्या मार्केट रिसर्च कंपनीतला तो विभाग, जो लोकांच्या घरी जातो. कुठला साबण वापरता, का वापरता, मागच्या महिन्यात दुसरा का आणलात, असं विचारून फॉर्म भरून आणतो. माझे वडील बसवनगुडीत कापडाचं दुकान चालवत. माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की ते सांगत, "दुसऱ्याच्या घरी काय शिजतं ते बघून तिसऱ्याला सांगते." गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याच्या डोळ्यांत दिसतं, त्याला फॉर्म कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं दुकान एका रस्त्यावर होतं म्हणून त्यांना ते परवडलं. आमच्या क्लायंटांना चार-चार राज्यांतल्या गिऱ्हाइकांचे डोळे वाचायचे असत.

माझ्या हाताखाली अकरा बायका होत्या. कुणी विशीतली, कुणी माझ्याहून मोठी. सगळ्यांत मोठीचे गुडघे जिने चढून कामातून गेले होते, तरी दार कसं उघडून घ्यावं ते तिच्याकडून शिकावं. एका नियमासाठी मी ऑफिसात बदनाम होते. फॉर्मच्या तळाशी दोन सह्या असत, विचारणारीची आणि तपासणारीची, म्हणजे माझी. मी म्हणायचे, ज्याची सही, त्याची चूक. आणि मी तपासायचे ते खरोखर तपासायचे. प्रत्येक दहा घरांमागे एका घरी मी स्वतः परत जायचे, आमची बाई इथे येऊन गेली का, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, ते पडताळायला. याला आम्ही बॅक-चेक म्हणतो. फार पूर्वी एका मुलीने लालबागेत झाडाखाली बसून चाळीस फॉर्म भरले होते. चाळीसही घरांत माणसं चार आणि चहा एकच. त्या झाडाने दिलेली उत्तरं मी फाडून टाकली आणि त्या मुलीला घेऊन चाळीस घरं हिंडले.

पडदा आला आणि सहा महिन्यांत फील्डकडे येणारं काम निम्म्यावर आलं. तो पडदा वाईट होता असं मात्र मी म्हणणार नाही. एका तेलाच्या बाटलीचं झाकण नीट बसत नाही आणि तेल पिशवीत सांडतं, ही तक्रार त्याने दोन दिवसांत पकडली. माझ्या बायकांना ती आणायला दीड महिना लागला असता. मी जळले, खोटं कशाला सांगू. त्यानंतर महिन्याभरात डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि इंग्रजीत, फार सभ्यपणे सांगितलं की ही तिमाही संपली की फील्ड बंद. पुढे कधी माणसं लागली तर बाहेरून घेऊ. तुम्हाला आम्ही सामावून घेऊ, पण त्या अकरा जणींना ठेवता येणार नाही.

मी बाहेर आले ती थेट जिन्यात जाऊन उभी राहिले. त्या अकरातल्या सात जणींच्या घरात दुसरा पगार नव्हता. मला माझी चिंता नव्हती. मला त्यांची होती, आणि संतापही होता, की तीस वर्षं ज्यांच्या पायांवर कंपनी उभी राहिली त्यांचा हिशेब एका वाक्यात झाला.

त्याच तिमाहीत आमच्या हातात एक काम होतं. मसाल्यांच्या एका जुन्या कंपनीने बिसीबेळे भाताचा, म्हणजे इकडच्या डाळ-तांदळाच्या झणझणीत भाताचा, नवा मसाला तयार केला होता आणि बाजारात आणायच्या आधी तो घरांतून करून बघायचा होता. अशा चाचणीत पिशवीवर नाव नसतं. पांढरी पिशवी आणि वर फक्त एक आकडा. नाव दिसलं की जीभ नावाची चव घेते, मसाल्याची घेत नाही. तो आकडा कुठल्या मालाचा हे आमच्याकडे मला आणि क्लायंटच्या कारखान्यातल्या एका माणसालाच ठाऊक. त्यांच्या जाहिरातवाल्यांनासुद्धा सांगायचं नाही, हा रिवाज. या वेळचा आकडा होता सहाशे चौदा.

पिशवी देताना घरच्या बाईकडून एका कागदावर सही घ्यायची असते. ही पिशवी कुठून आली, कुणी दिली, हे कुणाला सांगणार नाही. पुण्याच्या त्या मुलाने पिशवी नाही, पण तो कागद पाहिला आणि मला मेल पाठवला, की यात अजून एक ओळ टाका, पिशवीचा फोटो किंवा व्हिडिओ कुठेही टाकणार नाही म्हणून.

मी त्याच्या टेबलाशी गेले. "अरे, बसवनगुडी, जयनगरच्या घरंदाज बायका आहेत त्या. पन्नाशीच्या. मसाल्याच्या पिशवीचे फोटो कशाला काढत बसतील?"

"मॅडम, सगळेच काढतात."

"तुझ्या एचएसआरमध्ये काढत असतील. आमच्याकडे जेवतात."

आधीच कागद लांब झाला होता, आणि लांब कागद दिसला की माणसं सही करायला कचरतात. शिवाय मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मी त्या ओळीवर काट मारली, खाली सही केली आणि माझ्या बायका पिशव्या घेऊन निघाल्या. शेवटच्या काही पिशव्यांवर लावायला छापील आकडे कमी पडले, तेव्हा मी स्वतः मार्करने सहाशे चौदा लिहून दिलं.

चाचणी संपली. फॉर्म आले, बॅक-चेक झाला, आकडे चांगले होते. मी ते कारखान्यातल्या माणसाकडे पाठवले आणि माझ्यापुरता विषय संपवला.

पंधरा-वीस दिवसांनी पुण्याचा मुलगा माझ्याकडे आला तो तरंगतच. त्याच मसाला कंपनीच्या जाहिरात विभागासाठी तो बिसीबेळे भातावर लोक काय बोलतात ते बघत होता, आणि त्याला एक घबाड सापडलं होतं. दक्षिण बेंगळुरूत एक घरगुती मसाला पसरतोय. नाव नाही, दुकानात मिळत नाही, जाहिरात नाही. तरी बायका त्याच्यावर व्हिडिओ करतायत. खाली लोक विचारतात कुठे मिळेल, तर उत्तर येतं, ओळखीच्या बाई घरी आणून देतात. त्या बाईचं नाव विचारलं तर एकही जण सांगत नाही.

"इतकी लॉयल्टी मी आयुष्यात पाहिली नाही, मॅडम," तो म्हणाला. "कस्टमर सोर्सच सांगत नाहीत. मी काल प्रेझेंट केलं. क्लायंट हादरलाय. ते त्यांचा नवा मसाला थांबवायचं म्हणतायत. म्हणतायत, आधी त्या बाईला शोधा, तिचा धंदाच विकत घेऊ."

"बरं. मग?"

"ते काम फील्डचं ना. शोधायला घरोघर जावं लागणार. डायरेक्टर म्हणाले, जाता जाता तुमच्या टीमला हे शेवटचं द्या. मी तुम्हाला व्हिडिओच्या लिंक पाठवतो."

"लिंक नको. गल्ल्या सांग," मी म्हणाले. "तीस वर्षं मी माणसं शोधतेय. मला पडद्यावर बघून शोधायची गरज नाही."

आता मागे वळून बघताना मी त्या वाक्याशी थांबते. लिंक उघडली असती तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. पण बाईचा ताठा.

बसवनगुडीत घरगुती मसाले, सांडगे, हप्पळ-पापड करून देणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत दोन आहेत. त्यामुळे एखादी तिसरी उगवली असेल यात मला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या अकरा जणी आणि मी पाच दिवस हिंडलो. गिरणीवाल्यांना विचारलं, कुणी अलीकडे जास्त धणे-मिरच्या दळून नेतंय का. गांधी बझारात विचारलं, मराठी मोग्गू कुणी किलोने घेतंय का. हा मसाल्यातला एक सुका कळा आहे, लवंगेच्या थोरल्या बहिणीसारखा. तो नसेल तर बिसीबेळे भात नुसती खिचडी होते. पुण्याच्या मुलाने हे नाव पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं तेव्हा त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करतेय. पाच दिवसांत आम्हाला मसाले करणाऱ्या चौदा बायका सापडल्या, आणि चौदाही जणी म्हणाल्या की ते दुसऱ्याच कुणाचं असेल, आमचं तर सगळ्यांना माहीत आहे.

सहाव्या दिवशी मी ठरवलं की व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या बाईकडेच जायचं. देवळाजवळच्या फुलवालीला विचारलं, तर तिने फुलं ओवता ओवता हातानेच घर दाखवलं.

साठीच्या आसपासची बाई. कन्नड बोलणारी, गोरीपान, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी कंपनीचं नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं. "बन्नी, बन्नी," म्हणत तिने मला थेट स्वयंपाकघरात नेऊन स्टुलावर बसवलं आणि कॉफी टाकली. शेगडीशेजारी फोन उभा करायची तिवई होती. नातवाने आणून दिलेली, तिनेच सांगितलं.

मी म्हणाले, "तुमच्याकडे तो मसाला कोण आणून देतं?"

"ते सांगता यायचं नाही."

"मी त्यांचं काही वाईट करणार नाही. उलट त्यांच्या फायद्याचंच आहे."

"असेल अक्का. पण शब्द दिलाय मी, सही केलीय." तिने मान हलवली. "माझ्या व्हिडिओखाली तीनशे जणींनी विचारलं. माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं. कुणाला नाही सांगितलं."

मी तिला घोळात घ्यायचा प्रयत्न केला. दार उघडून घेणारी मी, मला काय तोंड उघडून घेता येणार नाही? पण ती बधेना. शेवटी तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "नाव नाही सांगत. एवढंच सांगते, त्या बाईंचे गुडघे दुखतात, जिना चढून आल्या की आधी पाणी मागतात. आणि त्यांच्या गळ्यात असंच कार्ड असतं." तिने माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बोट दाखवलं.

मी कार्डाकडे बघितलं. मग तिने फळीवरच्या डब्यामागून चिमटा लावलेली पांढरी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर माझ्याच अक्षरात सहाशे चौदा लिहिलेलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातही कळसा माझा, काख माझी, आणि वळसा घालायला अकरा बायकांना पाच दिवस उन्हातून फिरवलेलं. मी हसायला लागले ते थांबेना. त्या बाईला वाटलं मला ठसका लागला, तिने पाणी दिलं.

"हे तुम्ही फोनवर टाकलंत कशाला?" मी विचारलं.

"टाकू नका असं कुठे लिहिलं होतं?" ती म्हणाली. खरंच होतं. तिच्याइतका प्रामाणिक माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही. मग ती म्हणाली, "तुमच्या बाई आठवड्याने आल्या. एक ते पाचमधला आकडा सांगा म्हणाल्या. मी चार म्हटलं. मला अजून बोलायचं होतं, पण त्यांच्या कागदावर जागा नव्हती. मग मी फोनशी बोलले."

हे मला झोंबलं. तो कागद मी केला होता.

"चार का? पाच का नाही?" मी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. चव सासूच्या हाताची, त्यात वाद नाही. पण तिचे यजमान दुपारी दोनला दुकानातून येतात, आणि तोवर भाताचा गोळा होतो. गरम पाणी घातलं तरी सैल होत नाही. त्यात काहीतरी जास्त दळून घातलंय, बहुतेक डाळ. शेजारच्या दोघींचंही हेच म्हणणं. मी विचारलं, हे व्हिडिओत का नाही सांगितलं? ती म्हणाली, "कुणी प्रेमाने घरी आणून दिलेल्या वस्तूला चारचौघांत नावं ठेवतात का?"

पडद्याला तिचं कौतुक दिसलं होतं, माझ्या फॉर्मला चारचा आकडा. दुपारी दोनचा गोळा झालेला भात दोघांनाही दिसला नव्हता. त्यासाठी व्हिडिओचा माग काढत कुणालातरी तिच्या स्टुलावर येऊन बसावं लागलं.

मी रिक्षाने ऑफिसला परतले. अकरा जणी वाट बघत होत्या. मी सांगितलं ते ऐकून त्यातल्या सगळ्यांत मोठीने, जिने ती पिशवी दिली होती तिने, कपाळाला हात लावला. मग तिनेच सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं.

"अक्का, आत्ता कुणाला काय सांगायची घाई आहे? शोधतच राहू या की. स्वल्प सावकाश. त्यांना बाई हवी आहे, ती सापडेपर्यंत तर फील्ड बंद करणार नाहीत."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. नसलेल्या बाईला शोधायला तीन महिने सहज लागले असते, कदाचित सहा. तोवर अकरा घरांत पगार येत राहिला असता. उलट खरं सांगितलं तर चाचणी फुटली हे बाहेर येणार, आणि फुटली ती फील्डकडून. जे तिमाहीच्या शेवटी व्हायचं ते दुसऱ्या दिवशी झालं असतं. मी सुद्धा रिक्षात बसवनगुडीपासून इंदिरानगरपर्यंत हाच विचार केला होता. मी साधुसंत नाही. पण तिकडे एक कंपनी आपला चांगला मसाला बासनात बांधायला निघाली होती, तो लोकांना फार आवडला म्हणून. तीस वर्षं ज्या झाडाखालच्या उत्तरांवर मी तोंडसुख घेतलं, ती आता मीच द्यायची?

"नाही," मी म्हणाले. "आणि हे माझ्यावर सोडा."

पुण्याच्या मुलाला मी कोपऱ्यातल्या खोलीत नेलं आणि पिशवी टेबलावर ठेवली. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने त्या बाईवर बारा पानं केली होती.

"म्हणजे आपण आपलीच टेस्ट मोजली," तो म्हणाला.

"हो."

"मी मेल केला होता, मॅडम. फोटोच्या ओळीचा."

"केला होतास. मी काट मारली. तू बरोबर होतास, मी चुकले. आता पुढचं ऐक, कारण आत्ता तू चुकलायस आणि मी बरोबर आहे."

मी त्याला दुपारी दोनच्या भाताचं सांगितलं. तो ऐकत गेला, आणि त्याची मान हळूहळू वर आली. हुशार माणसाची हीच खूण, त्याला दुःख करत बसायला वेळ नसतो. "व्हिडिओने घर दाखवलं," तो म्हणाला, "आणि घरात जाऊन खरं कळलं. म्हणजे पोस्टचा बॅक-चेक."

"हे नाव मी तुला फुकट देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटची तीन माणसं आली, त्यांची जाहिरातवाली बाई, तिचा साहाय्यक आणि कारखान्यातला तो माणूस. आमचे डायरेक्टर टेबलाच्या टोकाला. मी पिशवी मधोमध ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही जिला शोधताय ती बाई सापडली. तिचा मसाला हा."

कारखान्यातल्या माणसाने पिशवी उचलली, आकडा वाचला आणि तो हसू लागला. "हा आमचाच," तो म्हणाला. जाहिरातवाली बाई हसली नाही. मी सगळं सांगितलं, कागदावरच्या ओळीसकट, गोळा होणाऱ्या भातासकट. कारखान्यातल्या माणसाने ते लिहून घेतलं. त्याला डाळीचा संशय आधीपासून होता. जाहिरातवाली बाई शांतपणे म्हणाली की मसाल्याचं भलं झालं, पण बाजारात यायच्या आधी त्यांचा माल गावभर दाखवला गेला, आणि याला जबाबदार कोण ते तिला आज हवं आहे.

डायरेक्टर म्हणाले, "फील्ड आम्ही बंद करतोच आहोत."

"मला फील्ड हवंय," पुण्याचा मुलगा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. "प्रत्येक दहा पोस्टमागे एका घरी माणूस गेलं पाहिजे. ते असतं तर मी इथे ही बारा पानं घेऊन आलोच नसतो. त्या अकरा जणी माझ्या टीममध्ये द्या."

डायरेक्टरांनी बोटांनी टेबल वाजवलं. काम त्यांना पटलं होतं, पण क्लायंटला आज द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि ते दिसत होतं.

"कागदावर सही माझी आहे," मी म्हणाले. "अकरा जणींची नाही. त्यांनी जे लिहिलं होतं तेच केलं. त्या राहतील आणि मी जाईन, असं लिहून घ्या."

कुणी मला थांबवलं नाही. थांबवावं असं वाटलं होतं का? वाटलं होतं, अगदी क्षणभर. मग मला माझाच अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. संध्याकाळी राजीनाम्याचा कागद दिला. अकराही जणी लिफ्टपर्यंत आल्या. पुण्याचा मुलगा म्हणाला, "येतो अक्का, घरी येतो," आणि पुढच्याच रविवारी आला. आला म्हणजे दोन तास फॉर्म कसा करावा ते विचारत बसला. मी त्याला आधी सांगितलं, आकड्यापुढे चार रिकाम्या ओळी सोड.

चार-पाच महिने झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात गुडघेवाली. हातात टॅबलेट, गळ्यात कार्ड. मला बघून ती एक पायरी मागे सरकली.

"अक्का, मला माहीत नव्हतं. कोपऱ्यापासून दर पाचवं घर घ्यायचं आहे. तुमचं पाचवं आलं. मी पुढच्या घरी जाते."

"पाचवं आहे ना? मग पुढच्या घरी कशी जाशील?" मी म्हणाले. "आत ये. आधी पाणी घे."

ती पाणी प्यायली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि टॅबलेटकडे नुसती बघत राहिली. मला कळलं ती कुठे अडली ते. आमच्या प्रत्येक मुलाखतीत सगळ्यात पहिला प्रश्न एकच असतो. तुमच्या घरातलं कुणी मार्केट रिसर्चमध्ये काम करतं का? हो म्हणाले तर आभार मानून उठायचं, कारण धंद्यातल्या माणसाची उत्तरं चालत नाहीत. तीस वर्षं या घरात कुणीही आलं असतं तरी त्याला त्या प्रश्नावरच उठावं लागलं असतं.

"हा गाळते, अक्का," ती पुटपुटली. "मला उत्तर माहीत आहे."

"तुला माहीत असलं तरी विचारायचा. वाच."

तिने वाचला. आवाज खाली होता, पण शब्द एकही चुकला नाही. मी शिकवलं होतं तसाच.

"नाही," मी म्हणाले.

तिने ते नोंदवलं आणि दुसरा प्रश्न विचारला.